रीफ टाकीत एंजलफिश: प्रवाळं सांभाळून मासा कसा पाळावा

रीफ टाकीत, म्हणजे जिवंत प्रवाळं वाढवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एंजलफिश प्रवाळांना हात लावतो की नाही, या प्रश्नाला जातीचं नाव ऐकून सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. एकाच जातीचे दोन मासे, एकाच आकाराच्या दोन टाक्या. एक वर्षानुवर्षं कशालाही तोंड लावत नाही आणि दुसरा आठवड्याभरात झोअँथिडची (प्रवाळांसारख्या, लहान फुलांगत दिसणाऱ्या मऊ जीवांची) वसाहत बंद पाडतो. म्हणून सुरुवात माशापासून न करता उलट टोकाकडून करावी. टाकीतली कोणती प्रवाळं गमावली तर चालतील आणि कोणती अजिबात नाही, हे आधी ठरवावं. ते ठरलं की माशांची यादी आपोआप छोटी होते.

हा मासा का टोचतो, तेही समजून घेतलं पाहिजे. समुद्री एंजलफिशच्या (गोड्या पाण्यातल्या एंजलफिशशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता) नव्वदीच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बहुतेक दिवसभर खडकावरून फिरत स्पंज, सी स्क्वर्ट (खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे जीव), शेवाळाचा पातळ थर आणि त्यात अडकलेला गाळ खात असतात. पोट भरलेलं असो वा नसो, चरणं चालूच. टाकीतल्या खडकावर स्पंज तुटपुंजे असतात, शेवाळ आपणच घासून काढतो आणि उरतात ती प्रवाळं. त्यांच्या अंगावरचा चिकट द्राव हेही या माशांच्या लेखी अन्नच आहे.

प्रवाळांचा हिशोब

सगळ्यात जास्त धोका मांसल एलपीएस प्रवाळांना, म्हणजे टणक सांगाड्याच्या, मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना (पॉलिप म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतला एकेक जीव): ट्रॅकिफिलिया, लोबोफिलिया, स्कोलिमिया, अकॅन. त्यांचं मांस फुगलेलं, मऊ आणि बहुतेक वेळा वाळूवर किंवा खडकाच्या पायथ्याशी, म्हणजे माशाच्या तोंडासमोर असतं. त्यांच्या जोडीला झोअँथिड आणि ट्रायडॅक्ना शिंपला. शिंपल्याच्या कडेला एकदा टोचा बसला की तो झडप मिटून घेतो. रोज मिटलेला राहिला तर त्याला प्रकाश मिळत नाही आणि तो हळूहळू खंगतो. ट्रायडॅक्ना आणि एंजलफिश एकत्र ठेवण्याचा हट्ट करू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन ही युफिलिया मंडळी मधल्या गटात येतात. त्यांच्या स्पर्शकांना डंख असतो, त्यामुळे बरेच मासे नाद सोडतात, पण हमी नाही. सिन्युलेरिया, सार्कोफायटनसारखी लेदर प्रवाळं चवीला वाईट असल्यामुळे सहसा वाचतात. डिस्कोसोमा मशरूमही बहुतेक वेळा सुरक्षित.

एसपीएसची, म्हणजे लहान पॉलिपच्या टणक प्रवाळांची, गोष्ट वेगळी. ॲक्रोपोरा किंवा मॉन्टीपोराचे पॉलिप मासा अधूनमधून टिपतो, पण वसाहत मुठीएवढी किंवा त्याहून मोठी असेल तर चार टोचे पचवते. अंगठ्याएवढ्या फ्रॅगला (वसाहतीपासून कापलेल्या तुकड्याला) तेच चार टोचे महागात पडतात. म्हणूनच मोठे एंजल पाळणारे अनुभवी लोक मुख्यतः एसपीएस ठेवतात आणि आधी वसाहती वाढवून मग मासा आणतात. फ्रॅग ज्यांवर चिकटवतात ती बुडखी वाळूत उघडी ठेवू नयेत. त्यांच्यावर शेवाळ धरतं, मासा ते खायला येतो आणि शेजारचं मांस त्याच्या तोंडात येतं.

कोणती जात

प्रवाळांना सगळ्यात कमी त्रास जेनिकँथस वंशाचा. हे एंजल खडकावर न चरता उघड्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपतात. लॅमार्क सुमारे २३ सेंमी होतो, बेलस आणि स्वॅलोटेल १८ सेंमीच्या आसपास, वातानाबे १५. पोहायला मोकळी जागा लागते, म्हणून बेलस-वातानाबेसाठी ४५० लिटर आणि लॅमार्कसाठी ६०० लिटरच्या खाली जाऊ नये. या माशांत नर-मादी रंगावरून ओळखता येतात. दोन माद्या आणल्या तर त्यातली वरचढ मादी पुढे नर होते. दोन नर मात्र एका टाकीत ठेवू नयेत. यातले बरेच मासे खोल पाण्यातून पकडलेले असतात. ते घाईने वर आणले की वाताशयाला इजा होते. शेपूट वर आणि डोकं खाली करून पोहणारा, किंवा खाली राहण्यासाठी सतत पर मारणारा मासा घेऊ नये.

दुसरा गट बुटक्या एंजलचा, म्हणजे सेंट्रोपायजी. लहान टाकीसाठी हाच पर्याय. कोरल ब्युटी आणि फ्लेम एंजल साधारण १० सेंमी होतात, चेरब आणि आफ्रिकन फ्लेमबॅक त्याहून लहान. २५० लिटरची, भरपूर कपारी असलेली टाकी एकाला पुरते. मिश्र रीफसाठी, म्हणजे सगळ्या प्रकारची प्रवाळं असलेल्या टाकीसाठी, पहिली पसंती चेरब किंवा फ्लेमबॅकला द्यावी. तोंड लहान असल्यामुळे झालं तरी नुकसान कमी. पण चेरबच्या आकारावर जाऊ नये, नव्या लहान माशांच्या अंगावर तो बेधडक धावून जातो. फ्लेम आणि कोरल ब्युटी यांच्या बाबतीत निकाल माशागणिक बदलतो. लेमनपील आणि बायकलर मांसल प्रवाळांच्या टाकीत नकोतच. बायकलर तर पकडल्यानंतर खायला लागेपर्यंतच अनेकदा दगावतो. मल्टीबॅरड एंजल प्रवाळांना फार त्रास देत नाही, मात्र त्याला खायला शिकवणं हेच मोठं काम आहे.

तिसरा गट मोठ्यांचा. एम्परर ४० सेंमीपर्यंत वाढतो, मॅजेस्टिक ३० पर्यंत, रीगल २५ पर्यंत. रीगलला ७०० लिटर आणि एम्पररला निदान १२०० लिटर, त्यातही टाकीची लांबी दोन मीटरच्या पुढे हवी. एसपीएसच्या टाकीत रीगल शोभतो आणि बऱ्याचदा नीट वागतोही. पण मुळात तो स्पंज आणि सी स्क्वर्ट खाणारा, त्यामुळे गोळी खायला वेळ घेतो. हिंदी महासागर आणि तांबड्या समुद्रातला पिवळ्या छातीचा रीगल प्रशांत महासागरातल्या करड्या छातीच्या रीगलपेक्षा लवकर रुळतो, असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. क्वीन एंजल आणि रॉक ब्युटी यांना रीफ टाकीत जागा नाही.

टाकी तयार आहे का

नव्या टाकीत एंजल सोडू नये. किमान आठ-दहा महिने चाललेली टाकी हवी. खडकावर शेवाळाचा थर, कपारीत पांढरे-पिवळे स्पंज आणि मागच्या काचेवर न घासलेलं हिरवं असायला हवं. मागची काच मुद्दाम तशीच ठेवावी. ती माशाची चरायची जागा आहे.

पाणी नेहमीचं रीफचं: तापमान २५ ते २६ अंश, विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचं प्रमाण) ८ ते ९ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेट ५ ते १५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ यांच्या दरम्यान असू द्यावं. दोन्ही शून्यावर आणण्याचा अट्टहास इथे उलटतो: प्रवाळं फिकट पडतात, शेवाळाचा थर नाहीसा होतो आणि चरायला काही न मिळालेला मासा प्रवाळांकडे वळतो. टाकीवर जाळीचं झाकण हवंच, घाबरलेला एंजल उडी मारतो.

मासा पारखताना

मोठ्या जातीचा मासा ८ ते १० सेंमीचा असताना घ्यावा. पाच सेंमीच्या आतलं पिल्लू प्रवासातच उपाशी पडतं आणि पुरता वाढलेला मासा नव्या खाण्याला दाद देत नाही. डोळ्यांच्या वरचा भाग आणि पाठ भरलेली हवी. तिथे खळगा दिसला तर मासा बरेच दिवस उपाशी आहे. श्वास मोजावा: स्वस्थ उभ्या माशाचे कल्ले मिनिटाला शंभराहून जास्त वेळा हलत असतील तर नको म्हणावं. डोळे ढगाळ नकोत, आणि मासा एकाच बाजूने खडकाला अंग घासत नसावा. सगळ्यात महत्त्वाचं, तो आपल्यासमोर खाताना पाहावा. अन्न तोंडात घेऊन थुंकणं म्हणजे खाणं नव्हे. गिळतो का ते बघावं आणि शक्य असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाऊन बघावं.

एंजलफिशच्या गालावर मागे वळलेला काटा असतो. तो जाळ्यात अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो. त्यामुळे मासा प्लास्टिकच्या डब्यात घेऊन हलवावा. पिशवी दुहेरी असावी.

विलगीकरण

नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवण्याचा हा टप्पा टाळून थेट मुख्य टाकीत सोडलेला मासा आजारी पडला, तर प्रवाळांच्या टाकीत औषध टाकता येत नाही. नेहमीचं औषध म्हणजे तांबं, आणि ते प्रवाळांना आणि कोळंबी-गोगलगायींना मारतं. मग सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचं कोष्ठ फुटायला ७२ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यापुढे पाच-सहा आठवड्यांचं विलगीकरण स्वस्तातलंच म्हणायचं.

बुटक्या एंजलसाठी ८० ते १०० लिटरची, तळ मोकळा असलेली टाकी पुरते, मोठ्यांसाठी २०० लिटर. आत हीटर, हवेचा पंप, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू आणि खडक नकोत, ते तांबं शोषून घेतात. स्पंज फिल्टर चार आठवडे आधी सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवावा, म्हणजे त्यात जिवाणू धरतात. त्याच वेळी पाइपचे आठ-दहा तुकडे सम्पच्या उजेडात ठेवावेत. त्यांच्यावर शेवाळाचा थर येतो आणि उघड्या-बोडक्या टाकीत माशाला चरायला काहीतरी मिळतं. एकदा विलगीकरणात गेलेला तुकडा परत सम्पमध्ये आणू नये.

मासा येण्याआधी पिशवीतल्या पाण्याचं गुरुत्व काय असेल ते विक्रेत्याला विचारून विलगीकरणाचं पाणी तेवढंच करावं. बरेच विक्रेते १.०१८ ते १.०२० ठेवतात. लांबचा प्रवास करून आलेल्या माशाला तासभर थेंबथेंब पाणी घालत बसू नये. पिशवीत कर्बवायू साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया तेवढा घातक नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवावी, तापमान जुळलं की मासा डब्याने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. गुरुत्व नंतर दिवसाला ०.००२ पेक्षा जास्त न वाढवता १.०२५ वर आणावं.

पहिले चार-पाच दिवस औषध नको, फक्त खाणं. मासा नियमित खायला लागला की तांब्याचा उपचार सुरू करावा. याला अपवाद एकच: अंगावर मखमलीसारखी बारीक भुकटी आणि धापा. हा वेल्व्हेट नावाचा रोग असतो आणि तो दोन-तीन दिवसांत मासा नेतो. तिथे वाट पाहायची नाही.

चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) तांबं २.० ते २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर या पातळीवर सलग ३० दिवस ठेवावं. सेंट्रोपायजी तांब्याला नाजूक आहेत. त्यांच्यासाठी पातळी रोज ०.५ ने चढवावी, म्हणजे चौथ्या दिवशी २.० होते. चढवताना माशाने खाणं सोडलं तर त्याच पातळीवर दोन दिवस थांबावं, पुढे जाऊ नये. मोजणी डिजिटल चेकरनेच करावी. रंग जुळवायच्या पट्टीवर १.५ आणि २.० यातला फरक कळत नाही. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढंच तांबं मिसळावं, नाहीतर पातळी खाली घसरते आणि दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. अमोनिया निकामी करणारं कंडिशनर तांब्याच्या पाण्यात कधीही टाकू नये. त्यामुळे बांधलेलं तांबं मोकळं होतं आणि विषारी ठरतं. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच उपाय.

एंजलफिशवर चपटे परजीवी, म्हणजे फ्लूक, फार सापडतात. ढगाळ डोळे, अंग झटकणं, एका जागी पर ताणून उभं राहणं ही लक्षणं. तांब्याने ते मरत नाहीत. तांबं काढून टाकल्यावर प्राझिक्वांटेल हे औषध २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर द्यावं आणि ५ ते ७ दिवसांनी पुन्हा एकदा. पहिल्या मात्रेत अंडी वाचतात, दुसरी मात्रा त्यातून निघालेल्यांसाठी असते. या काळात पाण्यातला प्राणवायू कमी होतो, हवेचा पंप पूर्ण वेगात हवा. शंका असेल तर आधी तापमान आणि पीएच जुळवलेल्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटं ठेवावा. फ्लूक असतील तर पांढरे पडून तळाशी गळताना दिसतात. मासा आडवा होऊन निपचित पडला तर वेळेची वाट न पाहता लगेच बाहेर घ्यावा.

मुख्य टाकीत सोडणं

एंजल सगळ्यात शेवटी सोडायचा मासा आहे. आधी आला की तो सगळी टाकी आपली समजतो. छिद्रं असलेला पारदर्शक डबा टाकीत आतून लावून मासा त्यात चार ते सात दिवस ठेवावा आणि तिथेच खायला घालावं. बाहेरचे मासे पहिल्या दिवशी काचेवर आपटतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक वेळा दुर्लक्ष करतात. सर्जनफिश किंवा दुसरा एंजल पाचव्या दिवशीही डब्यापाशी फेऱ्या मारत असेल तर मासा सोडू नये. आधी त्या दादा माशाला डब्यात टाकावं आणि नव्याला टाकी फिरू द्यावी. दिवे बंद झाल्यावर, पोट भरल्यावर मासा मोकळा करावा.

दोन बुटके एंजल ठेवायचे असतील तर एक मोठा, एक स्पष्टपणे लहान असे आणि एकाच वेळी सोडावेत. हे सगळे आधी मादी असतात आणि वरचढ असेल तो नर होतो. सारख्या आकाराचे दोन मोठे मासे बहुधा दोन्ही नर निघतात, आणि मग एकालाच जगता येतं.

खाणं हेच प्रवाळांचं संरक्षण

दिवसातून एकदा भरपूर घालणं एंजलच्या उपयोगाचं नाही. त्याला थोडं थोडं, चार-पाच वेळा हवं. दिवे लागताना आणि दुपारी स्वयंचलित फीडरमधून चिमूटभर एक मिलिमीटरची गोळी. सकाळी क्लिपला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) पाच-पाच सेंमीचा तुकडा, तोही बिनतेलाचा, बिनमिठाचा. संध्याकाळी गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि स्पंज घातलेलं एंजलसाठीचं खास खाद्य आलटून पालटून. गोठवलेलं खाद्य वाटीत वितळवून बारीक गाळणीतून गाळावं आणि ते पाणी टाकून द्यावं, त्यात फॉस्फेट असतं. आठवड्यातून दोनदा खाद्य दहा मिनिटं जीवनसत्त्वाच्या द्रावणात भिजवावं. डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर खड्डे पडणं हा एंजलमध्ये वारंवार दिसणारा विकार निकस खाण्याशी जोडलेला आहे. पाणी गाळायच्या कोळशाची, म्हणजे कार्बनची, बारीक भुकटीही त्याला कारण ठरते, तेव्हा कार्बन धुतल्याशिवाय वापरू नये.

न खाणाऱ्या माशासाठी अर्ध्या शिंपल्यात ताजं शिंपल्याचं मांस ठेवून बघावं. रीगल आणि मल्टीबॅरड अनेकदा इथूनच सुरुवात करतात. मग त्याच मांसात गोळीचा चुरा आणि मायसिस दाबून भरावं. शिंपला मुख्य टाकीत मात्र देऊ नये. पुढे ट्रायडॅक्नाकडे किंवा मांसल प्रवाळाकडे बघण्याची माशाची नजर बदलते. तशीच दुसरी सवय आपणच लावतो, ती म्हणजे दिवसा प्रवाळांच्या तोंडावर मांसाहारी खाद्य ठेवणं. मासा ते खाद्य ओढून घेतो, त्याबरोबर प्रवाळाचं मांसही तोंडात येतं आणि चव लागते. प्रवाळांना भरवायचं तर दिवे गेल्यावर तासाभराने, मासे कपारीत शिरल्यावर. ताज्या कापलेल्या फ्रॅगमधून द्राव सुटतो, म्हणून असा फ्रॅगही दोन-तीन दिवस वेगळ्या टाकीत ठेवून मगच परत लावावा.

एवढं खाणं म्हणजे घाणही तेवढीच. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) टाकीच्या मापापेक्षा एक आकार मोठा घ्यावा, सम्पमध्ये चिटोमॉर्फा हे शेवाळ वाढवावं आणि नायट्रेट-फॉस्फेट आठवड्याला मोजावं. आकडे चढले तर खाणं कमी करण्याऐवजी घाणीचा उपसा वाढवावा.

टोचायला लागला तर

आधी खात्री करावी. चरणारा एंजल अंग तिरकं करतो, डोळा खाली फिरवून जागा न्याहाळतो आणि मग झटका देऊन एक टोचा मारतो. टोचा खडकावर पडला की पॉलिपवर, हे एका हाताच्या अंतरावरूनसुद्धा फसवतं. फोन स्टँडला लावून त्याच प्रवाळाचं तासभर चित्रण करावं आणि सावकाश बघावं. प्रवाळ दिवसा मिटलेलं आणि रात्री पूर्ण उघडलेलं असेल तर दोष बहुधा माशाचाच. रात्रंदिवस मिटलेलं असेल तर अल्कलिनिटी, प्रवाह आणि प्रकाश आधी तपासावा. अल्कलिनिटी एका दिवसात एक डीकेएचहून जास्त हलली असेल तर माशाला विनाकारण दोष दिला जातो.

मासाच दोषी निघाला तर खाण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि नोरीची क्लिप त्या प्रवाळापासून दूर, टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावावी. त्रास एकाच प्रवाळाला असेल तर त्याच्यावर जाळीदार टोपली पालथी घालून दहा दिवस ठेवावी; काही मासे तेवढ्यात ती सवय सोडतात. पॉलिप नुसते आखडत असतील तर दोन आठवडे वाट बघायला हरकत नाही. मांस मागे सरून पांढरा सांगाडा उघडा पडला असेल तर त्याच दिवशी दोघांपैकी एकाला हलवावं.

जाळं घेऊन मासा पकडायला जाऊ नये, अर्धा खडक मोडतो आणि मासा मिळत नाही. दार असलेला पारदर्शक सापळा टाकीत ठेवून दार उघडंच ठेवावं आणि सगळं खाणं फक्त त्याच्या आत, मागच्या भिंतीशी द्यावं. एंजल जिज्ञासू असतो, तीन-चार दिवसांत निर्धास्त आत जायला लागतो. दार ओढायची दोरी पहिल्या दिवसापासून बांधलेली असावी, म्हणजे तिचीही सवय होते. पहिला प्रयत्न फसला तर तोच मासा आठवडाभर सापळ्याकडे फिरकत नाही, म्हणून मासा पूर्ण आत जाऊन खाण्यात गुंतल्याशिवाय दोरी ओढू नये.

मासा निघाल्यावर जखमी प्रवाळ मंद प्रवाहात आणि थोड्या कमी प्रकाशात हलवावं. उघड्या सांगाड्यावर शेवाळ धरू नये म्हणून मऊ ब्रशने दोन-तीन दिवसांनी हलकेच साफ करावं. तोंड आणि त्याभोवतीचं मांस शाबूत असेल तर रात्री, स्पर्शक बाहेर आल्यावर, मायसिसचा एखादा तुकडा आठवड्यातून दोनदा द्यावा. नवं मांस कडेने पातळ पडद्यासारखं सांगाड्यावर चढताना दिसेपर्यंत त्याची जागा बदलू नये.